पुढचं डावं चाक

१४ नोव्हेंबर १९७१, रविवार

विष्णू सकाळी गाडी पुसता पुसता म्हणाला, "दादा, पुढच्या डाव्या चाकातून आवाज येऊन राहिला. बेअरिंग गेली वाटते."

मी म्हटलं, चाल, बस बाजूला. घरापासून रांझीपर्यंत स्वतः चालवत नेली. कान लावून. काही नाही. विष्णू शेजारी असं तोंड करून बसला होता, जसं कोणी पाटीवर नख ओढून राहिलं. मी विचारलं, "कुठं आहे तुझा आवाज?" तर म्हणतो, "आता काय सांगू जी."

माझा ड्रायव्हर, पांढुर्ण्याचा माणूस, हात साफ, गाडीवर जीव. पण थोडा वहमी, नसत्या शंका काढणारा. ह्या शहरात कोणी जुनी गाडी विकत घ्यायला निघालं की टॅक्सी स्टँडवर पहिला सवाल असतो, अंबादासला ऐकवली का? लोक मला बोलावतात, मी बोनेटवर वाकतो आणि सांगतो की हिचा वॉल्व्ह खराब आहे, हिचा क्रँक गेला. फॅक्टरीत घणाच्या खात्यात जवानी घालवली, तिथून निघून ही टॅक्सी केली, ती ह्या कानांच्या भरवशावर. मला न ऐकू आलेलं विष्णूला ऐकू येईल?

तरी गाडी भय्यासाहेबाच्या गॅरेजात टाकली. कारण एकच. हेमलता. पोरीचं पहिलं बाळंतपण, ते माहेरीच व्हायचं. जावई मोहनराव जंगल खात्यात, कुंडमला. तिथं दवाखान्याच्या नावानं एक कंपाउंडर. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिला जबलपूरला आणूनच ठेवा. बसगाड्या फौजेच्या कामाला लागल्या आहेत, कधी येतील, येतील की नाही, भरवसा नाही. म्हणजे आपलीच गाडी. आणि तो रस्ता साऱ्या जंगलाचा. चाकाचा वहम जरी असला तरी तो घेऊन पोटुशी पोर आणायची नाही.

१८ नोव्हेंबर, गुरुवार

गाडी आणली. काम झालं, पैसे दिले.

भय्यासाहेब आपला आर्वीकडचा. मंडळाच्या गणपतीत आरतीला पहिला. फाटकातून शिरलो तेव्हा म्हणे तो मला मागून हाका मारून राहिला होता. रस्त्यावरून फौजी ट्रकांची रांग चाललेली, कोणाच्या बापाला ऐकू येणार?

मी माझी रीत सोडत नाही. जुना माल हातात दिल्याशिवाय खिशात हात घालत नाही, हे साऱ्या गॅरेजवाल्यांना माहीत आहे. त्यानं काढलेली बेअरिंग वर्तमानपत्रात बांधून ठेवलेलीच होती. मग चाक जॅकवर उचलून गरकन फिरवलं. "ऐका, भाऊ." मी वाकून ऐकलं. रेशीम. म्हटलं, पास. वळून पाहतो तर भय्यासाहेब माझ्या पाठीमागे उभा, आणि त्याचे दोन मिस्त्री तोंडावर फडकं धरून हसून राहिले. मी म्हटलं, "काय झालं?"

"काही नाही भाऊ. तुमच्या कानाची तारीफ करून राहिलो."

मग मीही हसलो. त्यानं चहा पाजला, वर समोसा मागवला. माणूस दिलदार आहे.

१९ नोव्हेंबर, शुक्रवार

विष्णू खमरियाच्या फॅक्टरीची सकाळची पाळी पोचवून आला आणि चावी खुंटीला लावायच्या आधीच म्हणाला, "दादा, आवाज तोच आहे."

माझं डोकं फिरलं. म्हटलं, "अबे, जुनी बेअरिंग माझ्या कपाटात आहे. चाक माझ्या कानासमोर फिरवलं. आता काय चाकाची कुंडली काढू? जा, कान दाखवून ये डॉक्टरला."

"मी?" एवढंच म्हणाला.

अनसूया चहा घेऊन आली होती. तिनं त्याच्याकडे पाहून हळूच मान हलवली. बरं केलं. घरच्या बाईनंही गप्प राहायला सांगितल्यावर तो गप्प झाला.

मी माणसाची नस ओळखतो. याला कुंडमला जायचं नाही. नाहीतर दुसऱ्या गॅरेजवाल्यानं भरवलं असेल. मागे बसणारे फोरमन साहेब तर रोज जातात, त्यांनी कधी तक्रार केली? ते तर हल्ली बोलतच नाहीत. आधी गप्पिष्ट होते. लढाईच्या हवेनं चांगल्या चांगल्यांची तोंडं शिवली.

२४ नोव्हेंबर, बुधवार

आज हवाई हल्ल्याच्या भोंग्याची तालीम होती. ठरल्या वेळी मी अंगणात उभा. काही वाजलं नाही. अनसूया म्हणते वाजला, दोनदा वाजला. मी म्हटलं, तुला भास झाला, सकाळपासून त्याच धाकात आहेस. जाऊन वॉर्डनला सांगून आलो की आमच्या गल्लीपर्यंत तुमचा भोंगा पोचत नाही, तपासून घ्या. पोरगेलासा वॉर्डन, माझ्याकडे पाहतच राहिला. त्याच्या पलीकडे पानवाला बसला होता, तो एकदम पानं धुवायला लागला.

रेडिओचंही तेच. बातम्या देणारे आधी कसे खणखणीत बोलायचे, आता तोंडात मूग धरल्यासारखे. मी बटण पूर्ण फिरवलं तर शेजारच्या मिश्राजींनी भिंतीवर थापा मारल्या. म्हणजे तसं अनसूया म्हणाली. आणि ती स्वतः? जेवायला बोलवायचं तर आता दारात उभी राहून हात हलवते. मी म्हटलं, "काय ग, बोलायचा कंटाळा आला का माझ्याशी?" तर हसली आणि पदरानं डोळे पुसले. या वयात बायका हळव्या होतात.

४ डिसेंबर, शनिवार

लढाई लागली. काल संध्याकाळपासून ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांच्या दिव्यांना वरून काळा रंग. विष्णूनं ब्रश धरला, मी डबा. फॅक्टरीच्या पाळ्या वाढल्या. आपल्या शहरातून तोफा जातात, दारूगोळा जातो, शत्रू काय आपल्याला विसरला असेल?

काल रात्री जेवणं अंधारात झाली. एक गोष्ट लक्षात आली. दिवे गेले की माणसं किती हळू बोलतात! अनसूया काहीतरी सांगत होती, मला एक अक्षर कळलं नाही. म्हटलं, अगं मोठ्यानं बोल, विमानातल्या पायलटला थोडंच ऐकू जाणार आहे? ती पुन्हा बोलली असावी. मग तिनं माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही गुपचूप जेवलो.

घणाच्या खात्यातले दिवस आठवले. तिथं तो धडाका असा की शेजारच्यानं कानात बोंब मारली तरी कळू नये. आम्ही ओठ पाहून बोलायचो. सगळे शिकत, शिकवावं लागत नसे. ओठ पाहून एकमेकांच्या घरची खबर घ्यायचो, फोरमनला शिव्या घालायचो, थट्टा करायचो. त्या गोंधळात सारं कळत होतं, आणि काल एवढ्या शांततेत काही कळेना. गंमत आहे.

आज सकाळी विष्णूनं तमाशा केला. म्हणतो, ह्या चाकावर अंधारात फोरमन लोकांना नेणार नाही. "चाक निघालं तर चार माणसं मरतील दादा. आणि तुम्ही ताईला आणायला निघाले!"

"ताईचं नाव तोंडातून काढू नको."

"मग दादा, गाडी उघडून तर पहा एकदा! चाक उघडायला काय जातं?"

"भय्यासाहेबाचं काम उघडून पाहू? म्हणजे मी त्याला चोर म्हटलं. आणि माझ्या कानाला खोटं म्हटलं."

 तो चावी ओट्यावर ठेवून चालला गेला. जाऊ दे. गुरुवारी हेमलताला मीच आणीन.

६ डिसेंबर, सोमवार

अनसूया हट्टाला पेटली आहे की तुम्ही गाडी चालवायची नाही. मी म्हटलं, काहून? म्हणाली, तुमचे डोळे. डोळ्यांना काय झालं, सुईत दोरा तुला मीच ओवून देतो. तर म्हणाली, जंगलात मागून ट्रक आला, हॉर्न दिला, तर... आणि तिथंच थांबली. तर काय? बाजूला घेईन गाडी. त्यावर ती चुलीकडे तोंड करून बसली. खांदे हलत होते. रडत होती की काही बोलत होती, पाठीवरून काय समजणार.

लढाईनं बायकांची मनं कच्ची होतात. तिला काहीतरी पक्कं दाखवलं पाहिजे.

७ डिसेंबर, मंगळवार

आज जे झालं ते लिहितो. 

अनसूयेला दाखवावं म्हणून कपाटातली जुनी बेअरिंग काढली. ती देवळात गेली होती, म्हटलं येईल तेव्हा हातात देऊ, ही पाहा, गेलेली होती ती निघाली. वर्तमानपत्र सोडलं. इतके दिवस मी ते सोडलंच नव्हतं. कान पास म्हणाले, मग हातानं विचारायचं कशाला?

बोटांना तांबडी भुकटी लागली. गोळ्यांच्या वाटेत, जिथं गोळ्या फिरतात तिथं, आतपर्यंत गंज.

 चालत्या गाडीतली बेअरिंग ग्रीसात बुडालेली असते. ती झिजते, निळी पडते, फुटते. गंजत नाही. हा माल कोणाच्या तरी परसात पावसाळे खाऊन पडलेला होता. माझ्या गाडीतून निघालेलाच नाही.

जॅक लावला. चाक उचललं, फिरवलं, कान टेकवला. रेशीम. पुन्हा फिरवलं. रेशीम! मला क्षणभर बरं वाटलं, म्हटलं नवी बेअरिंग आत आहे, जुनी म्हणून चुकून दुसरी दिली. पण गल्लीतलं कुत्रं फाटकाशी उभं होतं आणि मी चाक फिरवलं की दर वेळी कान टवकारून दोन पावलं मागे सरत होतं.

मग घणखात्यातल्या म्हाताऱ्या मिस्त्रीची एक युक्ती केली. पेचकसाचं टोक चाकाच्या मधल्या टोपीवर टेकवलं आणि त्याची मूठ दातात धरली. चाक फिरवलं.

डोक्यात जातं सुरू झालं. खडे दळावेत तसं. कवटीपर्यंत.

पेचकस दातातून काढला. चाक फिरतच होतं. शांतता. पुन्हा दातात धरला. जातं. काढला. शांतता. मी किती वेळ तेच करत बसलो मला माहीत नाही. कुत्रं कंटाळून निघून गेलं.

दातांना ऐकू येतं ते कानांना येत नाही. विष्णू खरं बोलत होता. भोंगा वाजला होता. रेडिओवाले पुटपुटत नाहीत, फोरमन साहेब मुके झालेले नाहीत.

आणि परवा मी एकटा निघणार होतो. पोर मागच्या सीटवर. चाक ओरडत राहिलं असतं आणि मी रेशीम म्हणत चालवत राहिलो असतो.

८ डिसेंबर, बुधवार

सकाळी विष्णूच्या घरी गेलो. बनियनवर दाढी करत होता. साबण लावलेल्या तोंडाकडे पाहून बोलायचं म्हणजे त्रास, म्हटलं आधी धुऊन ये. आला. मी म्हटलं, "विष्णू, चाक तुला ऐकू येतं. मला येत नाही. काहीच येत नाही. समोर तोंड असलं तर भागतं."

त्यानं खाली पाहिलं. मग वर पाहून, सावकाश, म्हणाला, "चला जी. आधी चाक पाहू."

भय्यासाहेबाकडे गर्दी होती. फौजेनं नवा माल उचलल्यापासून जुन्याच गाड्या सारे ठोकून घेतात. मी गंजकी बेअरिंग त्याच्या टेबलावर ठेवली. त्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. खुर्चीतून उठला, साऱ्यांना दिसेल असा उभा राहिला.

"अंबादासभाऊ, तुम्हीच पास केली ना? चार माणसांसमोर? अख्ख्या जबलपुरात तुमचा कान चालतो. तुम्ही म्हटलं पास, आता मी काय बोलू?"

गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहू लागली. बराबर होतं त्याचं. त्याला चोर म्हणायचं तर आधी मला माझ्याबद्दल बोलावं लागणार होतं. आणि हे त्याला माहीत होतं. त्याच्या भरवशावरच तर त्यानं हात मारला होता. जो गॅरेजवाला मला एक वॉशर कमी देताना घाबरायचा, तो एकाएकी धीट कसा झाला? मी काल रात्रभर अनसूयेला कसं सांगू म्हणून तळमळलो, आणि ह्या माणसाला ते माझ्या आधी कळलं होतं. मागून हाका मारून पाहिल्या. मागे उभं राहून काय काय बोलला असेल. शहरात माझ्याकडे एवढं बारीक लक्ष ह्या चोराचंच होतं.

मनात आलं, उठावं. दुसरीकडून बेअरिंग घ्यावी, गुपचूप बसवावी. कान गेले तर गेले, नाव राहील. पण शहरात माल नाही. माझे पैसे घेऊन आणलेली बेअरिंग ह्याच्याच कपाटात असणार, जास्त देणाऱ्याची वाट पाहत. आणि उद्या गुरुवार.

तेव्हा बोललो. मोठ्यानं बोललो असं मला वाटतं, आता माझं मला तरी कसं कळणार.

"भाइयो, मैं बहरा हूँ. घणाखाली कान गेले, मला कालपर्यंत माहीत नव्हतं. ह्याला माहीत होतं. म्हणून ह्यानं माझं चाक न उघडता पैसे घेतले आणि भंगारातली बेअरिंग बांधून दिली. विष्णू, उघड चाक. सब लोग देख लो."

कोणी काय बोललं, मला माहीत नाही, मी एकाच वेळी एवढी तोंडं पाहू शकत नाही. पण एक ट्रकवाले सरदारजी बाकावरून उठले, तडक आपल्या ट्रकाकडे गेले आणि मिस्त्रीला चाकाकडे बोट दाखवून म्हणाले (हे ओठ साफ वाचले), "खोल. मेरे सामने." मग दुसरा उठला. मग तिसरा. बाक रिकामा झाला.

विष्णूनं चाक उघडलं. आत जुनीच. एका बाजूच्या गोळ्या चपट्या झालेल्या, त्यांना धरणारा पिंजरा तडकलेला. त्यानं ती माझ्या तळहातावर ठेवली. अजून ग्रीसाची ओली होती.

भय्यासाहेबानं कपाट उघडलं. नवी बेअरिंग काढून दिली. माझ्याकडे न पाहता काहीतरी म्हणाला. काय ते समजलं नाही, आणि मी विचारलं नाही. विष्णूनं बसवली, मी पेचकस दातात धरून पाहिली. आता मात्र खरंच रेशीम.

संध्याकाळी अनसूयेला सांगितलं. दिवा लागायच्या आधी, समोर बसवून. ती म्हणाली, "हो का?" आणि भाकरी थापायला लागली. बिचारीला धक्का बसला असणार, पण चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. उलट दोन घास जास्तच वाढले.

टॅक्सी स्टँडवर आज कोणी गाडी ऐकायला बोलावलं नाही. बोलावणारही नाहीत. खबर माझ्या आधी पोचली असेल.

१० डिसेंबर, शुक्रवार

हेमलता घरी आहे. आईच्या खोलीत झोपली आहे. कालचं लिहायचं राहिलं होतं.

विष्णू चालवत होता. दुपारीच परतायचं होतं, पण तिच्या सासूबाईंनी ओटी भरली, मग चहा, मग शेजारणी. जंगलात शिरलो तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवर गेलं होतं. मी मागे हेमलताजवळ बसलो, तिच्याकडे तोंड करून. ती दोन्ही हात उशीवर टेकून बाहेर पाहत काहीतरी सांगत होती.

मी म्हटलं, "बेटा, माझ्याकडे पाहून बोल. मला ऐकू येत नाही. उजेड आहे तोवर सांगून घे काय सांगायचं ते."

ती वळली. डोळे भरले, पण वेळ घालवला नाही, आईवर गेली आहे. भराभर सांगत सुटली. घाबरते म्हणाली. सासरी कोणापाशी बोलता येत नाही म्हणाली. पहिल्या महिन्यात एकदा वाटलं होतं की पोटातलं राहत नाही, तेव्हा कोणालाच सांगितलं नाही म्हणाली. मी तिचे ओठ पाहत होतो. लहानपणी एवढं पाहिलं नव्हतं तिच्याकडे, तेव्हा ऐकू येत होतं. मग तिचे ओठ धूसर झाले, मग चेहराच गेला. ती अजून बोलत असेल. मी मान हलवत राहिलो.

अंधार. रंगवलेले दिवे जमिनीचा हातभर तुकडा दाखवत होते. मी कुठल्या गाडीत बसलो आणि तिचं इंजिन मला काही सांगत नाही, असं कधी वाटलं नव्हतं. चाक कसं आहे? मागून कोणी येतं का? विष्णूला विचारलं. त्यानं उत्तर दिलंही असेल.  दातात धरायला पेचकसही नव्हता.

पुढे वाकलो. विष्णूच्या पाठीवर पंजा ठेवला, म्हटलं निदान माणूस जागा आहे हे तरी कळेल. त्याची पाठ थरथरत होती. बारीक, एकसारखी थरथर, मधेच उंच जाणारी. मला वाटलं ह्याला ताप भरला. हेमलताचा हात चाचपडत धरला तर तीही हलत होती, हसण्यानं.

तेव्हा कळलं. विष्णू गात होता. गळा काढून, जंगल उठवून गात होता.

मी पंजा तसाच राहू दिला. खडखडणाऱ्या चाकावर तो माणूस कधी गात नाही.